नळी कानात असताना

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या नर्सबाईंना सगळा भाग नळीबाई म्हणायचा, आणि तेही तोंडावर. छाती तपासायची ती रबरी नळी त्यांच्या गळ्यात इतकी कायमची असे, की एका रविवारी त्या नळीशिवाय बाहेर पडल्या तर कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने काळजीने विचारलं होतं, "बाई, आज बरं नाही का?"

आमचे हे गेल्यानंतर मी वरची खोली भाड्याने द्यायची ठरवली. बघायला आलेल्यांत या एकट्याच अशा निघाल्या, की त्यांनी खिडकीबाहेर न बघता मोरी बघितली. तांब्याभर पाणी ओतून ते कसं वाहून जातं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "राहीन." लग्न केलेलं नव्हतं. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "दुसऱ्यांची एवढी बाळंतपणं निस्तरली, त्यात आणखी आपली भर कशाला?"

संध्याकाळी कामावरून आल्या की वर न जाता आधी माझ्या स्वयंपाकघरात येत. कोपरापर्यंत हात धूत. माझा साबण त्यांच्यामुळे नेहमी लवकर संपे. मग खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर टाकत. चहा माझा आणि गोष्टी त्यांच्या, असं न बोलता ठरून गेलं होतं. मात्र नाव कधी कोणाचं घेत नसत. लिफ्टवाल्याची बायको, शिलाईवालीची सून, एवढंच. "पेशंटचं नाव दवाखान्याच्या उंबऱ्यावर ठेवून यायचं असतं, काकू," म्हणायच्या. त्यामुळे जिची ही हकीकत आहे तिचं नावही मी फार उशिरा ऐकलं, आणि इथे लिहीत नाही.

त्यांचं आरोग्य केंद्र आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून होतं. पूर्वी तिथे कापडाचं गोदाम होतं. भिंतींवर जुन्या फळ्यांच्या खुणा अजून होत्या आणि पावसाळी हवेत कोऱ्या कापडाचा वास यायचा. गरोदर बायकांचा वार ठरलेला असे. त्या दिवशी लांब बाकावर एकीला लागून एक अशा बसलेल्या, आणि प्रत्येकीबरोबर कोणीतरी: सासू, आई, नणंद, कधी नवरा. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पोस्टर होतं. पोट पुढे आलेल्या बाईची काळी आकृती, शेजारी ग्लास, ग्लासावर लाल फुली, आणि खाली "एक थेंबही नको". बाक पोस्टरच्या खालीच असल्यामुळे ते ज्यांच्यासाठी होतं त्यांना मान उलटी केल्याशिवाय दिसायचं नाही. समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंना मात्र दिवसभर दिसायचं.

या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मनाने चांगल्या होत्या, आणि कायम दमलेल्या होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रश्न एकामागून एक यायचे आणि एकाचं उत्तर भरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. त्यामुळे "सिगारेट? तंबाखू? मद्यपान?" हे त्या पडद्याकडे बघतच विचारायच्या. उत्तर बहुतेक वेळा सासूच द्यायची: "आमच्याकडे तसलं काही नाही हो." की झालं. पुढचा प्रश्न.

"कागदावर आमच्या भागात एकही गरोदर बाई पीत नाही," नळीबाई मला सांगायच्या. "मग त्या कचऱ्यातल्या रिकाम्या बाटल्या काय मांजरं पितात?"

या बाबतीत त्यांना डॉक्टरांचा राग मात्र यायचा नाही. म्हणायच्या, "काकू, मी कोणत्या तोंडाने बोलू? मी नवीन लागले तेव्हा आमचे मोठे डॉक्टर स्वतः सांगायचे, झोप येत नसेल तर चमचाभर ब्रँडी गरम पाण्यातून द्या, पोटुशी बाई खुलते. मी माझ्या हाताने दिली आहे. मग काही वर्षांनी वरून आलं, की जास्त नको, थोडी चालेल, अधूनमधून. तेही मी सांगितलं. मग आलं, की थेंबसुद्धा नको, किती चालते हे कोणालाच माहीत नाही. आता ते सांगते. तिन्ही गोष्टी याच तोंडाने. आणि ज्या पोरींना मी ब्रँडी दिली, त्या आता सासवा होऊन त्याच बाकावर बसलेल्या असतात. त्या माझ्याकडे बघून हसतात."

एवढं असूनही बायकांचं खरं त्यांना कळायचं, आणि ते कसं कळायचं ती त्यांची खास युक्ती होती. ती कुठे शिकवलेली नव्हती. डॉक्टरांकडे जायच्या आधी प्रत्येकीचं ब्लडप्रेशर बघायचं काम यांचं. पडद्यामागे एक लोखंडी खाट. नातेवाइकांनी पडद्याबाहेर थांबायचं, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला, आणि कोणी हुज्जत घातली तर "मग आकडा चुकतो" म्हणून सांगायच्या. दंडाला पट्टा गुंडाळायचा, नळीची टोकं कानात घालायची, आणि पट्ट्यात हवा भरता भरता अगदी सहज विचारायचं, "काम फार पडतं का गं? मग थकवा आला की काय करतेस?" विचारून झालं की मान खाली, नजर काट्यावर, जणू आता आपल्याला जगातलं काही ऐकू येत नाही.

आणि बायका बोलायच्या. भिंतीशी बोलावं तशा, हळू. कोण रात्री नवऱ्याबरोबर बसायची, कोण त्याच्याआधीच. नळीबाई काट्यावरची नजर न हलवता सगळं ऐकायच्या. मग नळी काढून, जणू स्वतःलाच आठवल्यासारखं, त्या बाईला लागू पडेल तेवढं सांगायच्या. ओरडायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. "माणूस ऐकत नाहीये असं वाटलं ना, काकू, की पोटातलं ओठावर येतं. आपण सगळे तसेच."

यावर मी एकदा म्हटलं होतं की हे म्हणजे थोडं फसवणंच झालं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाल्या, "झालं खरं."

त्या वर्षी बाकावर एक नवीन बाई आली. तिची सासू पडदे शिवायची. माझ्या पुढच्या खोलीचे पडदे तिनेच शिवलेले, म्हणून सासूला मी ओळखत होते. बोलायला तिखट, पण टाका कधी उसवणार नाही अशी. मुलगा मालट्रकवर, आठवडेच्या आठवडे बाहेर. सून मोठ्या समारंभांच्या हॉलमध्ये ग्लास धुवायच्या कामावर. आधी एकदा दिवस राहून गेलेले. त्यामुळे हे मूल म्हणजे त्या घरात सगळ्यांचा जीव टांगलेला. सासूने नातवासाठी दुपटी शिवायला घेतली होती, पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांची, आणि गिऱ्हाइकांना ती दाखवत बसायची. "हॉटेलवाल्यांचा रेशमी पडदा आहे हा," मला म्हणाली होती, "आमचं पोर यात मुतणार."

दवाखान्यात आली तेव्हा सुनेचे दिवस बरेच पुढे गेलेले होते. सासूच्या म्हणण्याप्रमाणे मागच्या वेळची दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी लवकर कोणाला सांगितलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, सासूने "छे हो" म्हटलं, पुढचा प्रश्न उघडला.

पडद्यामागे मात्र त्या मुलीने सांगितलं. हॉलवर काम करणाऱ्या सगळ्यांची ती रीत होती. पाहुणे उठले की ट्रे आत येणार, ग्लासांत तळाला उरलेलं असणार, ते बेसिनमध्ये ओतायचं त्याऐवजी तोंडात ओतायचं. लाल, पांढरी, पिवळी, जे असेल ते, बर्फ वितळलेलं, लिंबाच्या बिया आलेलं. पहाटेपर्यंत उभं राहायचं तर त्याशिवाय पाय उचलत नाहीत, असं तिला पहिल्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या बाईने शिकवलं होतं. हळूहळू असं झालं, की ज्या दिवशी हॉलवर समारंभ नसेल त्या दिवशी दुपारनंतर हात कापायचे. मग तिने औषधाच्या बाटलीत भरून घरी आणायला सुरुवात केली. घरात कोणाला पत्ता नाही. तिने बाजारातून एक थेंब कधी आणला नव्हता, तेव्हा कळणार कसं?

हे नळीबाईंनी मला सांगितलं ते फार नंतर. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या, की आज एका मुलीला चांगलं समजावलं, आणि ऐकेल असं वाटतंय. खुशीत होत्या. दुसरा चहा मागून घेतला.

समजावलं ते असं. नळी काढली, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की पोटातलं पोर तुझ्याबरोबर पितं, त्याला नाही म्हणता येत नाही. तर आजपासून बंद. एक थेंबही नको. तुझ्यात दम आहे, तू करशील. प्रशिक्षणात सांगितलेलं होतं तेच, पोस्टरवर होतं तेच. मुलगी रडली आणि "करते" म्हणाली.

आणि तिने केलं. हॉलवर निरोप पाठवला की बरं नाही. औषधाची बाटली मोरीत ओतली. पहिल्या दिवशी घाम सुटत राहिला. दुसऱ्या दिवशी अन्न ठरेना, हात इतके कापायला लागले की कप धरता येईना. सासूला वाटलं ताप आहे. तिने कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पाय चोळले. मुलगी भिंतीकडे बोट दाखवून मुंग्या मुंग्या म्हणायला लागली, तेव्हा सासूने भिंतही पुसून काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला झटका आला. डोळे फिरले, दात बसले, सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं.

शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. सासूला दुसरं काही सुचलं नाही, तिने शेजाऱ्याच्या मुलीला माझ्या दारात पाठवलं: नळीबाईंना घेऊन या. त्या नुकत्याच येऊन हात धूत होत्या. ऐकल्याबरोबर ओल्या हातांनीच निघाल्या. त्यांचा चेहरा पाहून मीही चपला घातल्या.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी काय विचारलं ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. त्यांनी हा गरोदरपणातला झटका धरला होता, रक्तदाब चढून येतो तो. त्याचीच औषधं चालू केली होती. पण लघवी स्वच्छ होती, रक्तदाब काही फार वर नव्हता, पायांना सूज नव्हती, आणि मुलगी शुद्धीवर येऊनही थरथरत होती. डॉक्टर कागद उलटेपालटे करत म्हणाले, "बसत नाहीये. हिला आधी फिट्स यायच्या का? काही घेते का ही? सगळं खरं सांगा, मुलाचा प्रश्न आहे."

सासू म्हणाली, "काही नाही हो. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

मी नळीबाईंकडे बघत होते. त्यांनी डॉक्टरांना म्हटलं, जरा बाजूला येता का. पण त्या वॉर्डात बाजू म्हणून काही नव्हतीच. खाटेला खाट लागलेली, दारात स्ट्रेचर अडलेलं. डॉक्टर म्हणाले, "इथेच बोला." सासू एका पावलावर उभी. खाटेवर मुलगी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती.

"दारू पीत होती," नळीबाई म्हणाल्या. "रोज. तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केली."

डॉक्टरांनी लगेच औषध बदलायला सांगितलं. मग विचारलं, "एकदम? इतकी सवय असताना एकदम बंद करायला कोणी सांगितलं हिला? असं तोडलं की झटके येतात, माणूस जातो यात. दाखल करून, औषध देऊन उतरवावी लागते."

"मी सांगितलं," नळीबाई म्हणाल्या.

सासू वळली आणि वॉर्डाच्या दाराबाहेर जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. "परक्या बाईला सांगितलं," ती म्हणाली. "मी दिवसभर भिंत पुसत होते आणि ही मला मुंग्या दाखवत होती."

नवीन औषधाने मुलगी शांत झाली. पोटातल्या बाळाचे ठोके नीट होते. काही दिवसांनी इस्पितळाने तिला सोडलं, आणि कागदावर लिहिलं की व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे.

त्या केंद्रात नळीबाईंबरोबर मीही गेले होते, कारण त्या आठवड्यात त्यांना एकटीने कुठे जावंसंच वाटत नव्हतं. स्वच्छ जागा. भिंतीवर सूर्योदयाचं चित्र. काउंटरवरचे गृहस्थ अतिशय नम्रपणे बोलले. कागद वाचून म्हणाले, की गरोदर बाई आम्ही घेत नाही. इथे प्रसूतीचे डॉक्टर नाहीत, काही कमीजास्त झालं तर कोण जबाबदार? बाळंत झाल्यावर जरूर आणा. तिथून परत इस्पितळात. तिथल्या बाईंनी तोच कागद बघून सांगितलं, की आमच्याकडे बाळंतपणाच्या खाटा आहेत, व्यसनाच्या नाहीत. झटका परत आला तर आणा. नळीबाईंनी विचारलं, की झटका येऊ नये म्हणून कुठे आणायचं? त्या म्हणाल्या, केंद्रात.

इकडे आड आणि तिकडे विहीर असं लहानपणापासून ऐकत आले, पण इतक्या नम्रपणे दोन्ही काठ दाखवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन ठिकाणी फोन लावले. दोन्हीकडून तीच उत्तरं आली. मग कॉम्प्युटरमध्ये मद्यपानाच्या प्रश्नापुढचं "नाही" पुसून "होय" केलं. तसं केल्याबरोबर खाली एक नवीन चौकोन उघडला: "सल्ला दिला का?" त्यांनी नळीबाईंकडे पाहिलं, नळीबाईंनी मान हलवली, त्यांनी तिथे टिक केली. पुढचा प्रश्न उघडला.

घरी आता सासूने पहारा बसवला होता. शिलाईचं मशीन उचलून दारापाशी आणून ठेवलं होतं. कोणाला बाहेर जायचं तर तिच्या पायांवरून जावं लागे. मी पडद्याची गोट बदलायच्या निमित्ताने गेले तर मला म्हणाली, "मीही प्यायलेय हो काकी. पोटात पोर असताना डॉक्टरांनीच दिली होती. याच बाईने चमच्याने पाजली. आणि माझा मुलगा बघा, रेड्यासारखा आहे. मग तेव्हा औषध आणि आता विष, हे कसं? मी अडाणी आहे, मला एकदा काय ते सांगा." सून आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलेली होती, ती जागी होती हे पांघरुणावरून कळत होतं.

मुलगा मालट्रक घेऊन परत आला तेव्हा सासूने त्याला सगळं सांगितलं. त्याने आदळआपट केली नाही. पायरीवर बसून राहिला आणि नळीबाई तिकडून गेल्या तेव्हा उठून उभा राहिला. "बाई, मी बाहेर असतो," म्हणाला. "मी काय करू ते सांगा, मी करतो." नळीबाईंनी मला सांगितलं, की इतक्या वर्षांत एखाद्या नवऱ्याने हे विचारावं म्हणून मी वाट बघत होते, आणि ज्याने विचारलं त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. तो आणखी चार दिवस राहिला आणि मालट्रक घेऊन गेला.

तपासणीला मुलगी येत राहिली, पण आता सासू पडद्याच्या आत येऊन उभी राही. "मग आकडा चुकतो" यावर ती म्हणाली, "चुकू दे. माणूस चुकण्यापेक्षा बरा." नळीबाई पट्टा बांधत, नळी कानात घालत, आणि सवयीने विचारत, "थकवा येतो का गं?" मुलगी काही बोलत नसे. आठव्या महिन्यात तिच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास यायला लागला. गोळी कोणीही खातं. सासूच्या पहाऱ्यातून कोण आणून देत होतं, की कोणीच नाही आणि फक्त गोळीच होती, हे विचारायला आता जागाच उरली नव्हती. विचारलं असतं तर सासूने ऐकलं असतं. सासूने ऐकलं असतं तर मुलगी तपासणीलाही आली नसती. आणि खरंच पीत असेल तर सांगायचं तरी काय? बंद कर म्हणावं तर भीती, राहू दे म्हणावं तर पाप.

त्या दिवसांत नळीबाई संध्याकाळी येत, हात धूत, आणि पाय स्टुलावर न टाकता नुसत्या बसून राहत. मी चहा पुढे केला की म्हणत, "काकू, मी गप्प बसले असते तर?" मी म्हणे, तर ती पीतच राहिली असती. "हो ना," म्हणत. माझ्या त्या आठवड्यांच्या रोजनिशीत हवेबद्दल, दूधवाल्याबद्दल सगळं आहे. त्यांच्या या प्रश्नाची नोंद मी एकदाच केली आहे, कारण तो रोजचाच होता.

सून वेळेआधी बाळंत झाली. मुलगी झाली. वजन कमी होतं, पण रडली, दूध ओढायला लागली, आणि इस्पितळाने काही दिवसांनी घरी पाठवलं. कागदावर "अशक्त, वजनावर लक्ष ठेवावे" एवढंच होतं. बाळंतिणीच्या घरी जाऊन बघायचं काम नळीबाईंचं. मी एक लोकरीचं टोपडं विणलेलं होतं, ते घेऊन त्यांच्याबरोबर गेले.

दारापाशी मशीन नव्हतं. ते परत खिडकीत गेलं होतं. सासूने आम्हाला बसायला दिलं आणि बाळ स्वतः उचलून आणलं, त्या रेशमी पडद्याच्या दुपट्यात. किती दिवसांनी तिच्या बोलण्याला चव आली होती. "बघा, नाक आजोबांचं," म्हणाली. "डोळे बारीक आहेत, ते आमच्याकडे कोणाचे नाहीत, ते तिच्या माहेरचे." माझं टोपडं बाळाच्या डोक्याला मोठं झालं. मी म्हटलं, वाढेल तसं बसेल.

नळीबाईंनी बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मलाही दिसलं, पण मला ते नुसतं सुंदर गुळगुळीत वाटलं: नाकाखालून वरच्या ओठापर्यंत आपल्या सगळ्यांना एक पन्हाळी असते, ती जवळजवळ नव्हतीच. ओठ दोऱ्यासारखा बारीक. परत येताना त्यांनी मला सांगितलं, की असे चेहरे त्यांनी याआधी मोजकेच पाहिले होते, आणि नक्की काय ते मोठ्या डॉक्टरांनीच तपासून सांगायचं असतं, त्यासाठी त्या चिठ्ठी देणार होत्या. मूल शिकेल का, किती शिकेल, ते शाळेत जाईपर्यंतही कदाचित कळायचं नाही. आणि ओठाची ती पन्हाळी पोटात पहिल्या काही आठवड्यांतच घडते. म्हणजे ती मुलगी त्या बाकावर येऊन बसली त्याच्या कितीतरी आधी. पोस्टरच्या आधी, पडद्याच्या आधी.

सासू चहा टाकायला आत गेली. बाळाची आई खाटेवर बसलेली होती, पाठीला उशी, केस नुकते विंचरलेले. आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हती. नळीबाईंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, दुपटं सोडलं, नळीची टोकं कानात घातली आणि गोल चकती तळहातावर घासून गरम करून बाळाच्या छातीवर टेकवली. मान खाली, नजर घड्याळाच्या काट्यावर.

तेव्हा ती बोलली, त्याच हळू आवाजात.

"हिला जे काही आहे ते माझ्यामुळे आहे का?"

नळीबाईंची मान हलली नाही. ठोके मोजायला जेवढा वेळ लागतो तो कधीच होऊन गेला होता. चकती तशीच होती. बाळाने एक पाय झाडला.

"तुम्हाला ऐकू येतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, की तुम्हाला ऐकू येतं. म्हणूनच तर सांगितलं तुम्हाला."

नळीबाईंनी वर पाहिलं. नळी कानातच होती.

"मी बंद केली होती, बाई," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तशी. तीन दिवस."

आतून कपबशांचा आवाज जवळ आला. सासू ट्रे घेऊन दारात उभी राहिली. एकदा सुनेकडे, एकदा नळीबाईंकडे पाहिलं, आणि ट्रे खाली ठेवता ठेवता विचारलं, "काय म्हणते छाती?"

"छाती चांगली आहे," नळीबाई म्हणाल्या.